पाकिटात न मावलेल्या गोष्टी

स्टीव्ह जॉब्जनं खाकी पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढला, हा किस्सा आता इतका सांगून झालाय की त्यात किस्सा उरलेला नाही, नुसती जाहिरात उरली आहे. १५ जानेवारी २००८, सॅन फ्रान्सिस्को, मॅकवर्ल्डचं व्यासपीठ आणि पहिला मॅकबुक एअर. टाळ्या पडल्या त्या पाकिटाला. त्या पाकिटात काय मावलं नव्हतं, याची उजळणी त्या दिवशी फारशी कुणी केली नाही. आणि नवा पातळ लॅपटॉप घ्यावा की जुन्यावरच भागवावं या पेचात पडलेल्या माणसाला नेमकी तीच उजळणी कामाला येते.

सीडी ड्राइव्ह नव्हता. इंटरनेटची वायर जोडायला जागा नव्हती. यूएसबी पोर्ट एकच. पेनड्राइव्ह लावला की माउस काढायचा. बॅटरी घरच्या घरी बदलता येत नव्हती. रॅम २ जीबी, तीसुद्धा बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे जन्माची गाठ. हार्ड डिस्क ८० जीबीची, १.८ इंची, मिनिटाला ४,२०० फेरे मारणारी. आयपॉडमध्ये बसायची त्याच जातीची. किंमत १,७९९ डॉलर. या संथ डिस्कऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी असेल तर वर ९९९ डॉलर मोजायचे, आणि जरा वेगवान प्रोसेसरही घेतला तर बिल ३,०९८ डॉलरवर जायचं. बाकी रंगमंच झकास होता.

पडद्यामागची खरी कसरत इंटेलकडे झाली होती. इतक्या पातळ पेटीत नेहमीचा प्रोसेसर बसेना, म्हणून त्याचं वेष्टण साठ टक्क्यांनी लहान करून घेतलं गेलं. इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी त्यासाठी खास व्यासपीठावर आले होते. पण चिप तीच, कोअर २ ड्युओ, जी इतर लॅपटॉपमध्येही होती. मेंदू तोच, टोपी लहान. उष्णता मात्र लहान झाली नाही. व्हिडिओ जरा जास्त वेळ चालवला की यंत्र तापायचं आणि स्वतःला वाचवण्यासाठी दोनातला एक कोअर झोपी जायचा, अशी तक्रार पहिल्या गिऱ्हाइकांनी भरपूर केली.

‘जगातला सर्वांत पातळ’ हा दावाही जरा हात राखूनच घ्यायचा. जॉब्जनं तुलनेला सोनीचा टीझेड लॅपटॉप घेतला आणि एअरचा सर्वांत जाड भागसुद्धा टीझेडच्या सर्वांत पातळ भागापेक्षा पातळ आहे, हे दाखवून सभा जिंकली. त्या चित्रात मित्सुबिशीचा पेडिऑन नव्हता. एअरच्या दहा वर्षं आधी आलेला तो लॅपटॉप साधारण १८ मिलिमीटर जाडीचा होता. एअर सर्वांत जाड जागी १९ मिलिमीटरच्या वर जात होता. एअरची खुबी कडेला होती: तिथे तो ४ मिलिमीटरवर उतरायचा आणि बघणाऱ्याची नजर कडेवरच जायची. पातळपणा मोजण्यापेक्षा दाखवण्याची गोष्ट आहे, हे या धंद्यातल्या लोकांनी तेव्हापासून पक्कं ओळखलं.

त्याच सुमारास जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत लेनोवोचे लोक दुसऱ्या एका पातळ लॅपटॉपवर काम करत होते. कंपनीत त्याचं टोपणनाव होतं ‘कोदाची’, म्हणजे आखूड जपानी तलवार. स्टीव्ह हॅम या अमेरिकी पत्रकारानं या प्रकल्पावर आधी ‘बिझनेसवीक’मध्ये लिहिलं आणि पुढे त्यावर पुस्तकही केलं. यंत्र कसं घडतं, कुठल्या गोष्टीवरून अभियंते हटून बसतात, हे ज्याला आतून बघायचं आहे त्यानं ते जरूर मिळवून वाचावं. फेब्रुवारी २००८ मध्ये ही तलवार ‘थिंकपॅड एक्स३००’ या रूक्ष नावानं बाजारात आली. तिच्यात तीन यूएसबी पोर्ट होते, इंटरनेटच्या वायरची सोय होती, बदलता येणारी बॅटरी होती, हवा तर डीव्हीडी ड्राइव्हही मिळत होता. आणि फिरत्या डिस्कचा पर्यायच नव्हता. दिली ती थेट ६४ जीबीची एसएसडी. किंमत अर्थातच दणदणीत.

माझ्या मते २००८ सालच्या कामकरी माणसासाठी एक्स३०० हाच सरस लॅपटॉप होता. पण इतिहासात नाव एअरचं राहिलं, आणि तेही पहिल्या एअरमुळे नव्हे. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याच पेटीत एनव्हिडियाचं ग्राफिक्स आणि अधिक वेगवान जोडणीची डिस्क आली. जून २००९ मध्ये किंमत १,४९९ डॉलरवर उतरली. ऑक्टोबर २०१० मध्ये पेटी नवी आली, फिरती डिस्क कायमची गेली, यूएसबी दोन झाले आणि ११ इंची एअरची किंमत ९९९ डॉलर ठेवली गेली. पाकिटाच्या टाळ्यांत ज्यांनी पैसे मोजले त्यांना आपण जे घेतलं असं वाटत होतं, ते प्रत्यक्षात मिळालं पावणेतीन वर्षं थांबलेल्यांना, आणि तेही जवळपास निम्म्या पैशात.

तेव्हापासून मी पातळ लॅपटॉपच्या बातम्या एकाच चष्म्यातून वाचतो. नवी पेटी असेल तर थांबायचं. पेटी जुनी आणि आतलं काळीज नवं असेल तर बघायचं. पेटीही जुनी, काळीजही जुनं आणि फक्त नाव नवं असेल तर पान उलटायचं.

हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त खपतो. २०१७ मध्ये ॲपलनं ‘नवा’ एअर आणला, त्यात इंटेलची पाचव्या पिढीची चिप होती. इंटेल तेव्हा सातवी पिढी विकत होतं. खुद्द इंटेलनं २०१६ मध्ये आणखी मजा केली. पंखा न लागणाऱ्या, साडेचार वॅटच्या अशक्त चिपना तोवर कोअर एम५, एम७ म्हणत. त्यांचं बारसं पुन्हा झालं आणि त्या आय५, आय७ झाल्या. फरक उरला तो क्रमांकाच्या मध्ये लपलेल्या एका ‘वाय’ अक्षराचा. काउंटरवरचा पोरगा ‘सर, आय-सेव्हन आहे’ म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीनं २०२२ मध्ये तर नावं उलगडण्यासाठी चक्क एक चक्र प्रसिद्ध केलं. चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा सालाचा; आणि चिपचा आराखडा कुठल्या काळातला, हे तिसऱ्या आकड्यात. रायझन ७५२०यू वाचून माणसाला सात हजारांची नवी मालिका दिसते, तिसरा आकडा ‘२’ सांगतो की आतला कोअर झेन २, म्हणजे २०१९ चा. ७८४०यू मध्ये मात्र झेन ४. दोन्ही डब्यांवर सातच. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलनं यावर एक सादरीकरण काढलं, त्यात जुन्या मोटारी खपवणाऱ्या दलालाचं चित्र टाकून एएमडी ग्राहकांना कशी शेंडी लावते ते सांगितलं. टीका झाल्यावर ते गुपचूप मागेही घेतलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये याच इंटेलनं ‘कोअर ५ १२०यू’, ‘कोअर ७ १५०यू’ अशी कोरी नावं दिलेल्या चिप आणल्या. आत आदल्या वर्षीचाच रॅप्टर लेक आराखडा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं.

उलटी उदाहरणंही आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर अन्याय होईल. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीत पातळ लॅपटॉपच्या १५ वॅटच्या चिपमध्ये दोनाचे चार कोअर झाले. बाहेरून काहीच कळत नव्हतं. त्या वर्षी ज्यानं घेतला त्याचं नशीब. दुसरं उदाहरण १० नोव्हेंबर २०२० चं, ॲपलच्या एम१ चिपचं. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲपलनं इंटेलवाला एअर नव्या कीबोर्डसह आणला होता. आधीच्या बटरफ्लाय कीबोर्डमध्ये धुळीचा कण गेला तरी अक्षर अडायचं, आणि २०१८ मध्ये त्यासाठी कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली होती. त्यामुळे लोकांनी मार्चमध्ये सुटकेचा निःश्वास टाकून पैसे मोजले. आठ महिन्यांत पंखा नसलेला एम१ आला आणि त्यांच्या लॅपटॉपचं वय एकदम वाढलं. मात्र ‘आम्ही आमची चिप करणार’ हे ॲपलनं २२ जूनलाच जाहीर केलं होतं. जून ते नोव्हेंबरमध्ये ज्यांनी पूर्ण किमतीला घेतला, त्यांना बातमी नव्हती असं म्हणता येत नाही.

डब्यावर जे कधीच छापत नाहीत ते म्हणजे वॅट. अकराव्या पिढीचा एकच आय७-११६५जी७ घ्या. त्याला १२ वॅट द्यायचे की २८, हे लॅपटॉप करणारी कंपनी ठरवते, कारण पेटी किती उष्णता बाहेर टाकेल हे तिलाच माहीत. म्हणून अति पातळ पेटीतला आय७ हा जरा जाड पेटीतल्या आय५ च्या मागे पडलेला अनेकदा दिसतो. आणि हे पहिल्या मिनिटाला कळत नाही. दुकानात जी चाचणी दाखवतात ती मिनिटभराचीच असते. दहा मिनिटं काम चालवलं की पेटी खरं बोलायला लागते. विकत घेण्याआधी वाचायचंच असेल तर अर्ध्या तासाच्या सलग कामाचे आकडे देणारं परीक्षण वाचा. बाकीचं रंगवर्णन आहे.

नवं म्हणजे वेगवान, या समजाला सगळ्यात मोठा तडा दिला एम२ एअरनं, जुलै २०२२ मध्ये. चिप सरस होती, पडदा मोठा होता, मॅगसेफ चार्जर परत आला होता. पण २५६ जीबीच्या मॉडेलची तळाची झाकणं उघडली गेली तेव्हा दिसलं की साठवणीची चिप एकच बसवली आहे. एम१ मध्ये १२८-१२८ जीबीच्या दोन होत्या, आणि त्या दोन्हींतून एकाच वेळी वाचन चालायचं. परिणामी नव्याची एसएसडी वाचनात जुन्याच्या साधारण निम्म्या वेगाची निघाली. एकूण कामात एम२ पुढेच आहे, असं ॲपलनं उत्तर दिलं. तेही खोटं नव्हतं. २०२४ च्या एम३ मध्ये पुन्हा दोन चिप आल्या. भारतात २०२२ मध्ये एम२ ची किंमत १,१९,९०० रुपये होती आणि एम१ शेजारच्याच फळीवर त्याहून बरंच कमी किमतीत उभा होता.

आता दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचा एक किस्सा. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे एक निवृत्त गृहस्थ मुलीचा पातळ लॅपटॉप घेऊन आले. ‘आठ जीबी आहे, आणखी आठ टाकून दे.’ त्यानं काही न बोलता खालचे स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पट्टीनं झाकण उचकटलं आणि बोर्ड त्यांच्याकडे फिरवला. प्रोसेसरच्या शेजारी नखाएवढे काळे चौकोन चिकटलेले. ‘काका, ही रॅम. हिला खाच नाही. वाढवायची तर बोर्डच बदलायचा.’

‘बोर्ड केवढ्याला?’

त्यानं आकडा सांगितला. काकांनी झाकण स्वतःच्या हातानं परत बसवलं आणि म्हणाले, ‘घेताना कोणी बोललं नाही.’

बोलणार कोण? पातळ पेट्यांत वापरतात ती कमी विजेची रॅम आजवर बहुतेक वेळा सोल्डरच केलेली असते. स्क्रूनं बसणारा नवा प्रकार काही लॅपटॉपमध्ये आला आहे, पण तो सर्वत्र पोचलेला नाही. इंटेलच्या २०२४ च्या लुनार लेक चिपमध्ये तर रॅम प्रोसेसरच्या वेष्टणातच गेली. १६ किंवा ३२, घेताना काय ते ठरवा.

आणि ३० ऑक्टोबर २०२४ ला ॲपलनं एम२ आणि एम३ एअरची सुरुवातीची रॅम त्याच किमतीत ८ वरून १६ जीबी केली. नाव तेच, रंग तोच, किंमत तीच. दुकानांतला जुना साठा मात्र तसाच राहिला, आणि ‘ऑफर’ म्हणून दोन-चार हजार कमी करून आठ जीबीचे डबे निघत राहिले. डब्याच्या मागचा बारीक अक्षरांचा स्टिकर वाचणं एवढाच त्यावर इलाज.

तेव्हा माझा निकाल असा. आतल्या चिपचा आराखडा खरोखर बदलला नसेल तर गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घाला. पेटी पहिल्यांदाच आलेली असेल तर दुसऱ्या आवृत्तीची वाट बघा. आणि सोल्डर केलेली रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल तर तो लॅपटॉप, नवा असो की जुना, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.