चिंटूचें हास्य

वर्तमानपत्र घरांत येतांच वडील मंडळी बातम्यांकडे वळतात. मुलांची नजर मात्र प्रथम चित्रमालिकेवर जाते. त्या तीन-चार चौकोनांत एवढें काय असतें, असा प्रश्न पालकांस पडणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर आम्ही येथें 'चिंटू'च्या आधारें देऊं इच्छितों.

श्री. चारुहास पंडित व श्री. प्रभाकर वाडेकर ह्या जोडीनें इ. स. १९९१ मध्यें पुण्याच्या 'सकाळ' दैनिकांत ही मालिका सुरू केली. पुढें इ. स. २०१२ व २०१३ मध्यें तिच्यावर दोन बोलपटही निघाले. चिंटू हा कोणी पराक्रमी वीर नव्हे. आई, बाबा, जोशीकाकू आणि पप्पू, मिनी, बगळ्या, राजू हे सवंगडी, एवढेंच त्याचें जग. तरीही हा शहरी मुलगा धानाच्या बांध्यांवरून शाळेस येणाऱ्या आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील मुलांस परका वाटत नाहीं. कारण परीक्षेची भीति व खेळ ऐन रंगांत आला असतां येणारी आईची हांक सर्वत्र सारखीच.

अशा विनोदाची रचना साधी असते. प्रथम प्रसंग मांडावयाचा, मग अपेक्षा वाढवावयाची आणि शेवटीं ती उलटवावयाची. समजा, पहिल्या चौकोनांत वडील म्हणतात, "आमच्या लहानपणीं घरांत वीज नव्हती, तरी आमचा पहिला नंबर येई." दुसऱ्या चौकोनांत मुलगा गंभीरपणें ऐकतो. तिसऱ्या चौकोनांत तो दिवा मालवून म्हणतो, "आतां माझाही येईल!" येथें वडिलांच्या बढाईस हंसूं येतें, तसेंच मुलाच्या आळसासही, आणि अपमान कोणाचाच होत नाहीं.

हीच चित्रकाराची खरी दृष्टि होय. अमेरिकेंत चार्ल्स शुल्झ ह्यांनीं इ. स. १९५० पासून सुमारें पन्नास वर्षें 'पीनट्स' ही मालिका काढली. तिच्यांतील चार्ली ब्राउन खेळांत बहुधा हरतच असे. वाचक त्याला हंसत, पण त्याच्या पराभवांत त्यांस आपलेंही अपयश दिसे.

आमच्याच वर्गांत एकदां एका अडखळत बोलणाऱ्या सोबत्याचें चित्र कोणीं तरी फळ्यावर काढलें. सारा वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. तो मात्र हंसला नाहीं, आणि पुढील दोन दिवस शाळेंतही आला नाहीं. चित्र हुबेहूब साधलें होतें. विनोद मात्र साधला नव्हता. ज्याच्याविषयीं हंसावयाचें, त्यालाही त्या हंसण्यांत जागा हवी, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

म्हणून बालमित्रहो, हातीं खडू घेऊन चित्र काढावयाचें झाल्यास प्रथम आपलेंच काढावें. आणि पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलगा सकाळीं चित्रमालिका वाचून हंसत असतां त्याच्या हातांतून वर्तमानपत्र काढून घेऊं नये. शेजारीं बसून त्याच्याबरोबर तीं चित्रें पाहावींत.