जुन्या इंजिनातील तुटक्या बोल्टची शस्त्रक्रिया

मुंबई, प्रतिनिधी

३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून दिसेनाशी झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाडीवर जीव असणाऱ्यांची संख्या मात्र कमी झालेली नाही. इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली जपलेली वडिलांची फियाट रविवारी सकाळी सुरू करून पाहणारे अनेक जण आजही आहेत. अशाच एखाद्या रविवारी इंजिनाजवळून फटफट आवाज येऊ लागतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट गेले, एवढेच निदान. चार नट सोडायचे, गॅस्केट बदलायचे, अर्ध्या तासाचे काम. पाना लावला जातो, थोडा जोर दिला जातो आणि 'कट्' असा बारीक आवाज होऊन पाना हातात सैल पडतो. स्टड तुटलेला असतो.

येथून पुढचा अर्धा तास निर्णायक ठरतो. तुटलेला स्टड काही रुपयांचा असतो. ज्या छिद्रात तो अडकला आहे, ते मात्र अमूल्य. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. त्या गाडीचे उत्पादन बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला असल्याने चांगले हेड शोधायचे तर जुना बाजार पालथा घालावा लागतो. ब्लॉकची गोष्ट त्याहून नाजूक. इंजिन क्रमांक त्यावर कोरलेला असतो आणि तोच नोंदणी पुस्तकात असतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या 'व्हिंटेज' नोंदणीसाठी २०२१ मध्ये केंद्राने जे नियम केले, त्यांतही गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. त्यामुळे बोल्ट गेला तरी चालेल, पण छिद्र वाचले पाहिजे, या हिशेबानेच हात चालवावा लागतो.

बोल्ट तुटतो का? गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते आणि आट्यांच्या खाचांत घट्ट बसते. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्टड असेल तर ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्षरण होऊन पांढरी भुकटी साचते. त्यात एक्झॉस्टपाशी वर्षानुवर्षे तापणे आणि निवणे चालूच असते. तुटण्यापूर्वी बोल्ट बहुधा इशारा देतो. पाना फिरतो, पण बोल्ट सुटल्यासारखा वाटत नाही. काहीतरी रबरासारखे पिळले जात आहे, अशी जाणीव होते. त्या क्षणी थांबणारा मॅकेनिक वाचतो. गंज भेदणारे तेल आदल्या रात्रीच सोडावे, डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि मग थोडे सोडणे, थोडे आवळणे असे आलटून पालटून करत बोल्ट बाहेर काढावा.

उष्णता हे त्याहून प्रभावी साधन. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. म्हणून हेड तापवले की स्टडभोवतीची पकड ढिली होते. बिडाच्या ब्लॉकमध्ये हा फरक मिळत नाही. तेथे बोल्टच तापवून निवू द्यावा लागतो, जेणेकरून गंजाचा थर तडकेल. ज्योत पेटवण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढणे आणि पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटर दूर करणे अपरिहार्य आहे. जुन्या गाडीच्या नळ्या कोठे पाझरत असतील, याचा नेम नसतो.

तुटलेल्या स्टडचा तुकडा पृष्ठभागाच्या वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणे, ही सर्वांत खात्रीची पद्धत. नवा नट पकडीला मिळतो आणि वेल्डिंगची धग गंजही सैल करते. पोलादी वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नसल्याने थोडा आत तुटलेला स्टडही कुशल वेल्डर थेंबाथेंबाने वर आणू शकतो. दोन-तीन प्रयत्न फसले म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

खरी परीक्षा असते ती ड्रिल करायची वेळ आल्यावर. तुटलेला पृष्ठभाग खडबडीत असतो आणि पोलाद कठीण, तर भोवतीचे ॲल्युमिनियम मऊ. ड्रिल साहजिकच मऊ बाजूला घसरते. एकदा छिद्र तिरके गेले की ते सरळ करणे जवळपास अशक्य. म्हणून पृष्ठभाग आधी सपाट करावा, मध्यबिंदूवर पंच मारावा आणि शक्य असल्यास लेथवर एक लहान बुश करून घ्यावा. मॅनिफोल्ड जागेवर बसवून त्याच्या छिद्रात हा बुश घातला की ड्रिलला मार्ग मिळतो. बुशसाठी लेथवाल्याकडे जाणारी सकाळ वाया गेली असे अनेकांना वाटते. तीच सकाळ हेड वाचवते. ८ मिमीच्या स्टडमध्ये ३ मिमीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने साडेसहा मिमीपर्यंत गेले की उरते ते फक्त पातळ कवच. ते टोकदार पंचाने आत दुमडून काढता येते. उलट्या फिरण्याचे, म्हणजे डाव्या आट्यांचे ड्रिल मिळाले तर कित्येकदा ड्रिल करता करताच तुकडा फिरून बाहेर येतो.

'इझी-आउट' नावाचे शंकूच्या आकाराचे हत्यार सर्रास वापरले जाते. त्याचे नाव फसवे आहे. छिद्रात ठोकलेले हे हत्यार तुकड्याला बाहेरच्या बाजूस फाकवते आणि पकड आणखी घट्ट करते. ज्या स्टडला संपूर्ण पाना हलवू शकला नाही, त्याला ही बारीक काडी कशी हलवणार? ती तुटते. ती अतिशय कठीण पोलादाची असल्याने साधे ड्रिल तिच्यावर चालत नाही. मग कार्बाइडचे महागडे हत्यार किंवा ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्राचा कारखाना गाठण्यावाचून पर्याय राहत नाही.

तुकडा निघाल्यावर आटे कोणते, हे आधी ओळखावे. पद्मिनी मेट्रिक, तर ॲम्बेसेडरचे मूळ बीएमसी इंजिन इंची आट्यांचे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, डोळ्यांना तो ८ मिमीचाच वाटतो. दोन वेढे जातोही. पण ८ मिमीच्या नेहमीच्या बोल्टची पिच १.२५ मिमी, तर त्या इंची बोल्टच्या बारीक आट्यांची साधारण १.०६ मिमी. तिसऱ्या-चौथ्या वेढ्याला जोर दिला की आटे मेले. जुन्या एमजी आणि मॉरिसच्या काही इंजिनांत तर आणखी गंमत आहे. विल्यम मॉरिस यांनी १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. यंत्रे फ्रेंच असल्याने आटे मेट्रिक राहिले आणि डोकी ब्रिटिश पान्यांना बसतील अशी केली गेली. पाना बसला म्हणून बोल्ट इंची असेलच, असे तेथे मानता येत नाही.

आटे पूर्णपणे गेले असतील तर हेलिकॉइल बसवावे. हे स्टेनलेस पोलादाच्या तारेचे वेटोळे असते. ८ मिमीसाठी साधारण ८.३ मिमीचे ड्रिल, मग त्याच संचातील खास टॅप आणि त्यात वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली जाईल असे फिरवायचे. टोकाची आडवी शेंडी तोडून बाहेर काढायला विसरू नये. ॲल्युमिनियममध्ये ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षाही मजबूत ठरते, कारण भार अधिक व्यासावर वाटला जातो. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावावी. भिंतीपलीकडे कूलंटची पोकळी असू शकते. स्पार्क प्लगच्या १४ मिमीच्या छिद्रासाठी अनेक जण तारेऐवजी अखंड बुश पसंत करतात. हेड न उतरवता हे काम करताना टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे कीस त्यात अडकतो. सिलिंडरमध्ये पडलेला कीस भिंतींवर ओरखडे काढतो.

नवा स्टड बसवण्याआधी बंद छिद्रातील तेल पुसून काढावे. अडकलेल्या तेलावर स्टडचा दाब येऊन बीडसुद्धा तडकल्याची उदाहरणे आहेत. आट्यांना गंजरोधक तांब्याची पेस्ट लावावी, मात्र घर्षण कमी झाल्याने तोच टॉर्क बोल्टला अधिक ताणतो, हे लक्षात घेऊन हात थोडा हलका ठेवावा. एक्झॉस्टवर शक्यतो पितळी नट वापरावेत. गॅस्केट बसवून इंजिन एकदा पूर्ण तापवावे, निवल्यावर नट पुन्हा तपासावेत.