पाळी लांबली असता औषधापूर्वी मूत्रपरीक्षा

पनवेल तालुक्यातील उलवे ही सिडकोने वसविलेली वसाहत. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि येथील इमारती झपाट्याने भरू लागल्या. अशा वसाहतीत तरुण दांपत्ये बहुधा एकटी राहतात. आई वा सासू गावी. पाळी लांबली की ज्या शंकेचे निरसन पूर्वी घरातील वडीलधारी स्त्री करीत असे, ती शंका आता प्रथम औषधाच्या दुकानात येते. कोणी तपासणीची पट्टी मागते, तर कोणी ‘पाळी येण्याचे काहीतरी द्या’ म्हणते. चिंता या दुसऱ्या मागणीची आहे.

रजःप्रवर्तिनी वटीत कन्यासार, कासीस, हिंग व टंकण ही द्रव्ये असतात. नष्टार्तवात ती उपयुक्त. परंतु आर्तव थांबण्याचे कारण गर्भ असेल तर ती वर्ज्यच. गर्भ आहे की नाही हे नुसत्या लक्षणांवरून ठरविणे कठीण. सुश्रुताचार्यांनी सद्योगृहीत गर्भाची श्रम, ग्लानी, पिपासा, सक्थिसदन ही लक्षणे सांगितली. चरकसंहितेत गौरव, अंगसाद, तंद्रा यांचा उल्लेख येतो. पाळीपूर्वीच्या आठवड्यातही अनेक स्त्रियांना हेच जाणवते. आर्तवादर्शन, छर्दी, अरोचक, अम्लकामता ही व्यक्त गर्भाची लक्षणे संहिताकारांनी वेगळी नोंदविली, यात मोठा विवेक आहे.

बीजवाहिनीत फलित झालेले बीज गर्भाशयात रुजण्यास साधारण सहा ते दहा दिवस घेते. त्यानंतरच एच.सी.जी. हे संप्रेरक रक्तात व पुढे मूत्रात उतरते आणि आरंभी दोन-तीन दिवसांत सुमारे दुप्पट होत जाते. म्हणून पाळी चुकण्यापूर्वी केलेल्या नकारार्थी तपासणीस फारसा अर्थ नाही. बीजोत्सर्ग उशिरा झाला असल्यास पाळी चुकलेल्या दिवशीही पट्टी नकार दाखवू शकते. सकाळचे पहिले मूत्र घ्यावे, नकार आल्यास आठवड्याने पुन्हा पाहावे, तोवर आर्तवप्रवर्तक औषध देऊ नये. नियंत्रण रेषा उमटली नाही तर पट्टी बाद समजावी. वेष्टनावरील मुदतीत उमटलेली दुसरी रेषा फिकट असली तरी होकारच. ही माहिती पट्टीसोबत दुकानदारानेच द्यावी. वेष्टनावरील बारीक अक्षरे कोण वाचतो? आशा कार्यकर्तीकडील ‘निश्चय’ संचही याच तत्त्वावर चालतो.

थोडा रक्तस्राव झाला म्हणून गर्भ नाही असे मानू नये. रुजण्याच्या सुमारास वा गर्भस्रावाच्या आरंभी असा स्राव होतो आणि रुग्णा त्यालाच पाळी समजते.

गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. मेंदू व पृष्ठरज्जू ज्यातून घडतात ती नलिका सहाव्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. म्हणजे ‘आणखी थोडे दिवस वाट पाहू’ म्हणत औषध चालू ठेवण्याचा पंधरवडा नेमका याच घडणीचा असतो. फॉलिक आम्लाची गोळी गर्भधारणेपूर्वीपासून घ्यावी, असे सांगतात ते याचसाठी.

पट्टी गर्भ आहे एवढेच सांगते, तो कोठे आहे हे सांगत नाही. शंभरात एक ते दोन गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीत रुजतात. पट्टी तेथेही होकारार्थीच येते. एका बाजूचे ओटीपोट दुखणे, खांद्याच्या टोकाशी वेदना, भोवळ ही लक्षणे वातज शूल समजून घरी पाठवण्याजोगी नव्हेत. वाहिनी फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन रुग्णा काही तासांत दगावू शकते. तिला त्याच क्षणी सोनोग्राफी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे आणि चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख, पट्टीचा निष्कर्ष व दिलेली औषधे स्वच्छ अक्षरांत लिहावीत.