बारीक सुईची शंभर वर्षे

चीनमधल्या मोठ्या शहरांत पारंपरिक वैद्यकाची सरकारी रुग्णालये आहेत आणि त्यांत ॲक्युपंक्चरचा वेगळा विभाग असतो. गुडघेदुखीचा रुग्ण आला, तरी डॉक्टर आधी त्याची जीभ बघतात: तिचा रंग, वरचा थर, कडेला उमटलेले दातांचे ठसे. मग दोन्ही मनगटांवर तीन बोटे ठेवून नाडी. झोप लागते का, पोट साफ होते का, घाम कधी येतो, अशी चौकशी होते. त्यानंतर सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या पोलादी सुया येतात. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला ‘झूसानली’ हा बिंदू आहे. तिथे सुई शिरली की जडपणा किंवा मुंग्या जाणवतात. ‘छी’ ही जीवनशक्ती जागी झाल्याची ती खूण मानतात. रुग्ण वीस-तीस मिनिटे पडून राहतो.

सुईच्या जोडीला मॉक्सा असतो, म्हणजे एका वनस्पतीचा वाळवून कापसासारखा केलेला पाला. तो पेटवून त्याची धग बिंदूवर देतात. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा याच वनस्पतीचा सख्खा भाऊबंद. काचेचे पेले पाठीवर चिकटवण्याचा उपचार आपल्याकडे वैदू मंडळी तुंबडी लावून करत आली आहेत. याशिवाय पाठीला तेल लावून गुळगुळीत पट्टीने खरवडणे, ‘तुइना’ नावाचे मर्दन आणि वनस्पतींचे काढे असा हा संसार आहे.

हे सारे पाच हजार वर्षे जसेच्या तसे चालत आले आहे, असे जाहिराती सांगतात. मला ते पटत नाही, आणि खरा इतिहास त्याहून कितीतरी रोमहर्षक आहे. छांगशाजवळच्या मावांगद्वी इथे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले. त्यांत शरीरातल्या वाहिन्यांची वर्णने आहेत, मॉक्साने डागणे आहे, पण सुई टोचण्याचा उल्लेख नाही. सुईचे सविस्तर शास्त्र ‘हुआंगदी नेइचिंग’ या ग्रंथात दिसते. पुढे तिचे दिवस फिरले. १८२२ मध्ये बादशाही वैद्यक संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकले गेले, आणि १९२९ मध्ये तर नानजिंगच्या सरकारपुढे जुने वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव होता. देशभरच्या वैद्यांनी एकजुटीने विरोध केला म्हणून तो बारगळला.

याच काळात चेंग दानआन (१८९९–१९५७) यांनी या विद्येला नवे रूप दिले. त्यांनी शरीररचनाशास्त्राचा आधार घेऊन बिंदूंच्या जागा नव्याने ठरवल्या, रक्तवाहिन्यांवर सुई टोचू नये असा आग्रह धरला आणि जाड, ओबडधोबड हत्यारांऐवजी बारीक सुया रूढ केल्या. आज जगभर जे ॲक्युपंक्चर दिसते, त्यावर त्यांचा मोठा ठसा आहे. पुढे जपानशी चाललेल्या युद्धाच्या काळात कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या यानआनच्या डोंगराळ भागात औषधांचा दुष्काळ होता. तिथे आधुनिक डॉक्टर जुन्या वैद्यांकडून सुई टोचायला शिकले. त्यांतल्या जू ल्येन या डॉक्टरबाईंचे ‘नवे ॲक्युपंक्चर’ हे पुस्तक १९५१ मध्ये आले. या परंपरेला हात लावून तिला तपासायला, बदलायला तिचेच लोक घाबरले नाहीत, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

महाराष्ट्राचा धागा इथेच जुळतो. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर त्यांत होते, तसेच बंगालचे बिजय कुमार बसूही. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केले. भारतात ही विद्या रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. लुधियान्यातले ॲक्युपंक्चर रुग्णालय आजही कोटणिसांचे नाव लावते.

सुईने गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला. ठरलेले बिंदू टाळून वरवर सुया टोचलेल्या गटात हे प्रमाण ४४.२ टक्के होते, तर औषधे आणि व्यायामाच्या नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के. म्हणजे आराम पडला, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. ‘छी’च्या वाहिन्यांच्या नकाशावर विश्वास ठेवणाऱ्यांना हे जड जाते. सगळे थोतांड म्हणणाऱ्यांनाही जडच जायला हवे. पुढे हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासांत खऱ्या सुईचा थोडा जास्तीचा फायदा दिसला, तोही जुनाट दुखण्यापुरता. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीच्या उपचारांतून ॲक्युपंक्चर वगळले आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करावा असे सुचवले. मधुमेह, कर्करोग किंवा हृदयविकार सुईने बरा करण्याचा दावा मात्र कुणीही करू नये.

काढ्यांची गोष्ट वेगळी आहे. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन दवण्याच्याच जातकुळीतल्या एका वनस्पतीतून निघाले आणि त्यासाठी थू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन घटवण्याच्या चिनी वनस्पतीमिश्रणाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज जीवघेणा आहे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, नोंदणीसाठी परिषद आहे. उपचार घ्यायचे ठरवलेत तर नोंदणी विचारा, सुईचे सीलबंद पाकीट समोर उघडायला सांगा, आणि छातीवर खोल सुई टोचणार असतील तर स्पष्ट नकार द्या. फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. पुडीतल्या औषधात काय आहे ते लेखी मागा. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.