भुतांची गढी आणि चाबूकवाला सायमन

पडकी काळी गढी, वर चंद्र, हवेत वटवाघळे आणि फाटकापाशी हातात चाबूक घेऊन उभा असलेला एकटा माणूस. 'कॅसलव्हेनिया' या व्हिडिओ गेमची सुरुवात अशी होते. जपानच्या कोनामी कंपनीने १९८६ साली हा खेळ काढला. त्याला आता चाळीस वर्षे होत आली, पण जगभर त्याचे वेड कमी झालेले नाही. भुताखेतांच्या खेळात लोकांना एवढी गोडी का वाटावी? आणि आपल्या घरातील मूल असा खेळ खेळत असेल तर आईबापांनी काय समजावे?

टीव्ही गेमचे दिवस

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे गेम आले. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही त्यांची नावे अनेकांच्या आठवणीत असतील. ज्याच्या घरी गेम, त्याच्या घरी साऱ्या आळीची मुले. कॅसेटला फुंकर मारायची, ती खाचेत बसवायची आणि आपली पाळी येण्याची वाट पाहायची. त्या काळी प्रत्येक मुलाला पाठ असलेला 'काँट्रा' हाही कोनामीचाच. कॅसलव्हेनिया मात्र सगळ्यांच्या कॅसेटमध्ये नसे. पुष्कळांना तो पुढे संगणकावर आणि मोबाइलवर भेटला.

तरी त्यातली भुते आपल्याला परकी नव्हती. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ साली येऊन गेला होता. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचनालयांतून घरोघरी जात होत्या. ब्रॅम स्टोकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या कादंबरीतला रक्तपिपासू ड्रॅक्युला हाच या खेळातला शेवटचा शत्रू. त्याच्यापर्यंत पोचायला सायमन बेलमाँटला अठरा टप्पे पार करावे लागतात. वाटेत मोठे वटवाघूळ, मेडुसा, ममी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि विळा घेतलेला साक्षात मृत्यू आडवे येतात.

भीतीला नियम आहेत

चाहत्यांना विचारा, ते सांगतील की हा खेळ अवघड आहे, पण लबाड नाही. सायमनने एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. चाबूक उगारायला क्षणभर वेळ लागतो. फटका बसला की तो मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असला तर जीव जातो. म्हणजे प्रत्येक पाऊल विचार करून टाकावे लागते. मेडुसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत येतात, पण ती लाट ठरलेली असते. दहा वेळा मरणारा मुलगा अकराव्या वेळी ती ओळखतो. मेणबत्त्या फोडल्या की हत्यारे मिळतात, भिंत फोडली की एखाद्या ठिकाणी लपवलेले मांस मिळते आणि गेलेली ताकद भरून येते.

मूळ कॅसेटवर खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की गढीच्या फाटकापासून पुन्हा सुरुवात! भारनियमन भोगलेल्या आपल्या भागातल्या वाचकांना यातले दुःख वेगळे सांगायला नको.

हा सारा खेळ अवघ्या १२८ किलोबाइटमध्ये बसवला आहे. आजच्या मोबाइलवरचा एक फोटो त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तेवढ्याशा जागेत जे संगीत बसले, ते चाहते आजही गिटारवर वाजवतात. ते करणाऱ्यांत किनुयो यामाशिता ही नुकतीच शिक्षण संपवून कामाला लागलेली तरुणी होती. खेळाच्या शेवटी तिचे नाव मात्र येत नाही. तिथे भयपटांतील नावांची थट्टा करून घेतलेली नावे आहेत, आणि संगीतापुढे 'जेम्स बनाना' असे लिहिले आहे. तिचे खरे नाव चाहत्यांनी शोधले आणि तिला मान दिला.

चाहत्यांची ताकद आणखी एकदा दिसली. या मालिकेवर अनेक वर्षे काम केलेले कोजी इगाराशी २०१४ साली कोनामीतून बाहेर पडले. तशाच धर्तीचा नवा खेळ करण्यासाठी त्यांनी २०१५ साली लोकांकडे पाच लाख डॉलर मागितले. चौसष्ट हजारांवर लोकांनी मिळून पंचावन्न लाखांहून अधिक डॉलर दिले. तो खेळ, 'ब्लडस्टेन्ड', २०१९ साली निघाला.

खेळातले भूत आणि गावातली 'डाकीण'

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सातपुड्याच्या पाड्यांत आजार आला, गुरे मेली की एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवल्याच्या घटना घडल्या आहेत. तिला मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले, कुणाचा जीवही गेला. ही एकट्या डोंगराची गोष्ट नाही. करणी आणि भानामतीच्या नावाने शहरातही लोक लुबाडले जातात. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला.

या दोन भीतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खेळातल्या भीतीला नियम असतात, ते शिकता येतात आणि शिकणारा जिंकतो. बटण दाबले की भूत नाहीसे होते, कुणाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. डाकिणीच्या भीतीला नियम नसतो. ती ज्याच्या पाठीशी कुणी नाही, अशा विधवेला किंवा एकट्या म्हातारीला शोधून काढते.

तेव्हा पालकांनो, मूल भुतांचा खेळ खेळते म्हणून ते बिघडले असे समजू नका. वेळेचे बंधन घाला, डोळ्यांची काळजी घ्या, अभ्यास आधी करून घ्या. पण एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "हे भूत हरते कसे रे?" ते उत्साहाने समजावून सांगेल. मग त्याला दुसरा प्रश्न विचारा. ज्या भुताचा नियम कुणालाच सांगता येत नाही, ते खरे कसे मानायचे?

उत्तर त्याचे त्यालाच शोधू द्या.