दूरध्वनी-क्रमांक आणि सेवाबदल

एखाद्या पेढीने आपली दूरध्वनी-सेवा एका कंपनीकडून दुसरीकडे न्यावी काय, हा प्रश्न वरवर पाहता दरपत्रकाचा वाटतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास मात्र त्यात नामाचाही प्रश्न दिसतो. दूरध्वनी-क्रमांक अंकांनी लिहिला जात असला, तरी तो संख्या नव्हे. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. एका ठरावीक ठिकाणाचा निर्देश करणे एवढेच त्याचे कार्य असल्याने त्यास विशेषनाम म्हणणेच युक्त होय.

परंतु हे नाम सर्वस्वी यादृच्छिक नाही. मुंबई-पुण्याच्या आठ अंकी स्थिर क्रमांकांतील पहिला अंक स्थूलमानाने सेवा देणाऱ्या संस्थेचा निदर्शक असतो : २ हा सरकारी निगमांचा, ४ एअरटेलचा, ६ टाटांचा. तेव्हा कंपनी बदलली की माहेरचे नाव टाकून सासरचे लावावे, तसा क्रमांकही बदलावा लागतो. कंपनी बदलूनही क्रमांक कायम राखण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली खरी. पण ती भ्रमणध्वनीपुरतीच.

पाट्या, पावत्या, शिक्के नवे करता येतात. तो खर्च मोजता येतो. ग्राहकांच्या वह्यांतील आणि त्यांच्या स्मरणातील क्रमांक कोण बदलणार? शिवाय सोडून दिलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या कोणास दिला जाऊ शकतो. मग तेच नाम परक्याचा निर्देश करू लागते. दरातील बचत दरमहा देयकावर दिसते, न आलेल्या मागण्यांची नोंद मात्र कोणत्याच खातेवहीत होत नाही. सेवाबदलाचा हिशेब बहुधा येथेच चुकतो.

दुसरी अडचण विजेची. जुन्या तांब्याच्या तारेतून विनिमय केंद्राच्या विद्युत्‌घटांचा सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह येत असे. म्हणून दिवे गेले तरी साधा दूरध्वनी बोलत राही. प्रकाशतंतूवरील सेवेस ग्राहकाच्या जागेतच वीज लागते, आणि ती गेली की पेढी मुकी होते. (सरकारी निगमांच्याही कित्येक जोडण्या आता प्रकाशतंतूवर गेल्या आहेत; हा दोष एकट्या खासगी कंपन्यांचा नव्हे.)

ज्यांना बदल करावयाचाच आहे, त्यांनी जुनी जोडणी निदान वर्षभर सोबत ठेवावी आणि तिच्यावर येणाऱ्या प्रत्येकास नवा क्रमांक सांगावा. दुहेरी भाडे पडेल. ते बचतीतून आरंभीच वजा धरावे.