पुठ्ठ्याचा पॅटर्न? एमडीएफबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या मुरलेल्या पॅटर्न मिस्त्रींसमोर एमडीएफचं नाव काढून बघा. "तो पुठ्ठा! त्याचा कधी पॅटर्न होतो का?" असंच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. उलट नवीन सीएनसी राउटर घेतलेल्या पोराला विचारा, तो म्हणेल, कशाचाही साचा एमडीएफमध्ये काढून देतो. पहिल्याने सागवानावर आयुष्य काढलेलं असतं, दुसऱ्याला मशीनचे हप्ते फेडायचे असतात. खरं काय ते या दोघांच्या मध्ये कुठेतरी सापडतं.

आधी पुठ्ठ्याचं. एमडीएफसाठी लाकडाच्या चिपा वाफेवर मऊ करून त्यांचे तंतू सुटे करतात, त्यात रेझिन (बहुतेकदा युरिया फॉर्माल्डिहाइड) आणि थोडं मेण मिसळतात आणि साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला प्रेसमध्ये दाबतात. तयार फळीची घनता साधारणपणे घनमीटरला 700 ते 800 किलो भरते. म्हणजे आठ बाय चारची 18 मिलिमीटरची शीट चाळीस किलोच्या आसपास. एकट्या माणसाने उचलून बघितली की पुठ्ठा हा शब्द आपोआप बंद होतो. शिवाय या फळीला रेषा नाही, गाठ नाही. सागवानात कटर रेषेच्या उलट गेला की चिरफळी उडते, म्हणून मिस्त्री हाताने काम करताना दिशा बघून पटाशी चालवतो. राउटरला ती नजर नाही. तो संगणकाने आखलेल्या वाटेने सरळ जातो. त्याला चारी दिशांनी सारखं कापलं जाणारं साहित्य लागतं. फक्त कटर कार्बाइडचा हवा. रेझिनमुळे हायस्पीड स्टीलची धार लवकर मरते आणि बोथट कटर तंतू कापण्याऐवजी जाळत जातो.

मात्र चारी दिशांनी सारखी असली, तरी ही फळी आरपार सारखी नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. प्रेसमध्ये वरचा-खालचा पृष्ठभाग जास्त दाबला जातो. त्यामुळे सरासरी 750 घनतेच्या फळीची साल 900 च्या पुढे असते, तर पोट 700 च्या खाली. दुकानात हात फिरवून आपण जो गुळगुळीतपणा पाहतो तो सालीचा. पॅटर्न कोरताना कटर साल काढून पोटात शिरतो आणि मग तो भाग लवदार, तहानलेला निघतो. त्यावर थेट रंग मारला की पहिला हात शोषला जातो, तंतू उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. अशा पॅटर्नला वाळू चिकटते, तो उपसताना साच्याची कड ढासळते आणि दोष एमडीएफच्या माथी जातो.

हे पोट किती सच्छिद्र असतं याचा पुरावा राउटरच्या टेबलावरच असतो. व्हॅक्यूम टेबलावर एमडीएफचीच एक शीट अंथरतात आणि तिची दोन्ही बाजूंची साल कटरने काढून टाकतात. मग खालचा पंप त्या अख्ख्या जाडीतून हवा ओढतो आणि वर ठेवलेला माल घट्ट धरून ठेवतो. ज्या फळीतून हवा जाते, तिच्यातून रेझिन, ओल आणि रंगही जाणारच. म्हणून पॅटर्नवर आधी पातळ केलेला सीलर जिरू द्यायचा, तो सुकला की बारीक पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा सीलर, मग दोन घटकांचा पीयू किंवा इपॉक्सी प्रायमर. फायबरग्लासचा साचा काढायचा असेल तर साध्या रंगावर विसंबू नये. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन तो सोलून काढतं आणि साचा पॅटर्नला चिकटून बसतो.

जाड ठोकळा हवा म्हणून शीट एकावर एक चिकटवतात, तेव्हाही सालच आडवी येते. तिची चकाकी घासून काढल्याशिवाय ग्लू नीट धरत नाही. पाण्याचा पांढरा ग्लू भरपूर ओतला तर सांध्याजवळचे तंतू फुगतात. कापल्यावर दोन शीटमधली रेघ हाताला लागते ती यामुळेच.

"पावसाळ्यात फुगतो" हा आरोप अर्धा खरा आहे. फळीतली ओल एक टक्क्याने वाढली की लांबी-रुंदी मीटरला साधारण 0.4 मिलिमीटरने वाढते. एप्रिलमध्ये सात टक्के ओल असलेली फळी जुलैत अकरा टक्क्यांवर गेली, तर 500 मिलिमीटरच्या पॅटर्नमध्ये 0.8 मिलिमीटरचा फरक पडतो. बिडाच्या कास्टिंगला आकसण्यासाठी आपण सुमारे एक टक्का, म्हणजे त्याच लांबीवर 5 मिलिमीटर वाढवून देतो. त्यातला सहावा हिस्सा हवामानाने खाल्ला तर मशीनिंगचा हिशेब चुकणारच. पण सागवानाशी तुलना करायची तर पूर्ण करा: सागवान रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र एमडीएफपेक्षा जास्त हलतं. एमडीएफचा कच्चा दुवा जाडी हा आहे. त्या दिशेने ही फळी लांबीच्या कित्येक पट फुगते, म्हणून थर चिकटवून केलेल्या उंच पॅटर्नची उंची पावसाळ्यात पुन्हा मोजावी. सीलरने ओल शिरण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. आणि तळाची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून कोरी सोडायची सवय आहे, ती मोडा. एका बाजूने ओल प्यायलेली फळी वाकते.

ओलरोधक म्हणून मिळणाऱ्या हिरव्या एमडीएफचीही तीच गोष्ट. हिरवा हा नुसता ओळखीसाठी घातलेला रंग आहे. ओलरोधक रेझिनमुळे ती फळी उशिरा फुगते, पण फुगते.

आता राउटरवाल्या पोराची बाजू. ज्या वाळूतलं रेझिन गरम न करता घट्ट होतं, तिथे मोजक्या नगांसाठी एमडीएफ उत्तम. कार्बन डायऑक्साइडने घट्ट होणाऱ्या वाळूलाही चालतो. ओल्या वाळूच्या मोल्डिंग मशीनवर रोज आपटायला मात्र तो नाही. बारीक बरगड्या आणि कडा तुटतात. शेल मोल्डिंगमध्ये पॅटर्न 200 अंशांच्या वर तापवावा लागतो, तिथे धातूच हवा. व्हॅक्यूम फॉर्मिंगला नमुन्यापुरता चालतो, पण तो उष्णता सोडत नाही, त्यामुळे सलग उत्पादनात अ‍ॅल्युमिनियमच परवडतं. भट्टीत शिजवायच्या कार्बन फायबरसाठी पीयू किंवा इपॉक्सी बोर्ड घ्या. एमडीएफमधली ओल वाफ होऊन पृष्ठभाग फोडते.

"परदेशात यावर बंदी आहे" हे मात्र सपशेल खोटं. अमेरिकेत बंदी नाही, मर्यादा आहे: एमडीएफमधून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडसाठी 0.11 पीपीएम. आपल्याकडे आयएस 12406 हे मानक आहे. काळजी करायची ती धुळीची. एमडीएफचा लाकडासारखा छिलका पडत नाही, पिठासारखी भुकटी उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड या दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गटात घातलं आहे. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. कटरपाशीच धूळ ओढणारं यंत्र आणि चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क, दोन्ही हवेत. ही भुकटी हवेत उडालेली असताना ठिणगीने भडका उडू शकतो, म्हणून ग्राइंडर त्या खोलीत नको. आणि तुकडे चहाच्या शेगडीत तर अजिबात नकोत.

यापुढे पॅटर्न शॉपला ड्रॉइंग पाठवाल तेव्हा त्यावर तीन गोष्टी लिहून द्या: नग किती, वाळू कोणती, पॅटर्न किती दिवस ठेवायचा. एवढं कळलं तर एमडीएफ घ्यायचा की सागवान, हे मिस्त्री पाच मिनिटांत सांगतील.